वस्ती आणि शेजार : इंदूरच्या अरण्य वसाहतीचा अभ्यास

आपला शेजारी कोण असावा हे आपण निवडतो अशी आपली समजूत असते. खरे पाहता ही निवड बहुतेक वेळा नगररचनेच्या नकाशाने आधीच केलेली असते. प्लॉट केवढा, रस्ता किती रुंद, बसथांबा कोणत्या बाजूला, शाळेचे फाटक कोणीकडे, या गोष्टी कचेरीतल्या टेबलावर ठरतात, आणि मग पुढची पन्नास वर्षे त्या वस्तीतील माणसे एकमेकांना भेटतात किंवा भेटत नाहीत. एका बाजूस बंगल्यांची कॉलनी, मध्ये उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे त्याच बंगल्यांतून धुणीभांडी करणाऱ्या बायकांची झोपडपट्टी, हे दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ही भिंत कोणी तरी आखली होती याचा आपल्याला विसर पडतो.

जी आखता येते ती निराळ्या रीतीनेही आखता येईल काय? या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आपण इंदूर शहर घेऊ. आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे ते राहते गाव आहे, आणि इतरांचे निदान नातेवाईक तरी तेथे असतीलच. दुसरे कारण असे की, सुमारे ऐंशी वर्षांच्या अवधीत या एका शहरात गरिबांच्या वस्तीचा विचार तीन वेळा, तीन निरनिराळ्या दिशांनी झाला. त्यांपैकी मधल्या प्रयत्नाकडे आपण अधिक लक्ष देऊ.

पहिला प्रयत्न सर पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांचा. ते १९१४ साली हिंदुस्थानात आले. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्याच हातून, आणि आपले गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबारासाठी गेडिस यांनी इंदूर शहराचा अहवाल लिहिला, तो १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. त्या काळी दाट वस्तीतील रोगराईवर इंजिनिअर मंडळींजवळ एकच औषध असे : जुने मोहल्ले पाडून त्यांतून सरळ रुंद रस्ता काढणे. गेडिस यांनी याला कडाडून विरोध केला. ते साधेच प्रश्न विचारीत. ज्यांची घरे पाडली ते कोठे जातील? दुसऱ्या गल्लीत जाऊन तिथली गर्दी वाढवतील, मग रोग कमी कसा होईल? त्यांचे म्हणणे असे की, मोहल्ल्यातून पायी हिंडावे, जी दोनचार घरे खरोखर मोडकळीस आली आहेत तेवढीच काढावी, त्या जागी छोटा चौक मोकळा करावा, झाड लावावे, आणि बाकीच्यांना जिथे आहेत तिथेच राहू द्यावे. निष्णात वैद्य गळू कापतो, हात कापत नाही, तशी ही रीत होती. ती स्वस्तही पडे, हे ते आकडे मांडून दाखवीत.

त्यांनी प्लेगच्या दिवसांत काढलेल्या मिरवणुकीची हकीकत प्रसिद्ध आहे. गेडिस यांनी महाराजांकडून एक दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि शहरात दवंडी पिटवली की, यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या भागातील लोक आपली घरे व गल्ल्या सर्वांत अधिक साफ करतील त्या भागातून ती जाईल. मग काय, गाड्यांमागून गाड्या भरून कचरा बाहेर निघाला, घरांना रंग लागले. मिरवणुकीत प्लेगचा उंदीर आणि घाणीचा राक्षस यांच्या प्रतिमा होत्या आणि शेवटी राक्षसाचे दहन झाले. यात थोडे नाटक होते हे खरे. पण ज्या गल्लीत सरकारी माणूस फक्त दंड करायला येई, त्या गल्लीतून हत्ती आणि वाद्ये गेली, याचा तेथील रहिवाशांच्या मनावर काय परिणाम झाला असेल याची कल्पना करावी. आपल्या गल्लीला शहराने आपली म्हटले, ही भावना नुसत्या जंतुनाशक फवाऱ्याने येत नाही.

आता दुसरा प्रयत्न. १९८०च्या दशकाच्या प्रारंभी इंदूर विकास प्राधिकरणाने शहराच्या उत्तरेस, मध्यवस्तीपासून सुमारे सहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत एक मोठी वसाहत वसवण्याचे ठरवले. जमीन सुमारे ८५ हेक्टर, घरे साडेसहा हजारांच्या आसपास, आणि लोकसंख्या साठ हजार धरलेली. आराखडा करण्याचे काम बाळकृष्ण दोशी यांच्या अहमदाबादच्या वास्तुशिल्प फाउंडेशनकडे आले. दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, फर्निचर बनवणाऱ्या कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते पॅरिसला ल कॉर्ब्यूझिए यांच्या हाताखाली काम करून आले होते. पुढे २०१८ साली वास्तुकलेतील प्रिट्झकर पारितोषिक मिळालेले ते पहिले भारतीय ठरले. २०२३ साली त्यांचे निधन झाले.

या वसाहतीचे नाव अरण्य. नकाशा काढण्याआधी काय केले गेले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांबरोबर इंदूरच्या झोपडपट्ट्यांतून फिरून लोक मोकळी जागा कशी वापरतात याची मोजमापे घेतली गेली. तो अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. सरकारी नियमपुस्तकात गल्ली म्हणजे जाण्यायेण्याची वाट. प्रत्यक्षात मात्र गल्ली हे घराचेच आणखी एक दालन असते. बायका तेथे धान्य निवडतात, म्हातारी माणसे बसतात, मुले खेळतात, कोणी शिवणयंत्र बाहेर मांडतो, कोणी खिडकीतून बिड्या-गोळ्या विकतो, एका झाडाखाली हातगाडी उभी असते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहू शकतात ती दारापुढच्या या जागेच्या जोरावर. ती काढून घेतली आणि त्याच कुटुंबाला चौथ्या मजल्यावर थोडी मोठी खोली दिली, तर कागदावर क्षेत्रफळ वाढते आणि जगणे आखडते. शिवणयंत्र जिन्यात मांडता येत नाही.

म्हणून अरण्यमध्ये घर आणि रस्ता यांच्या मध्ये ओट्यासाठी, ज्याला इंदुरी मंडळी ओटला म्हणतात त्यासाठी, मुद्दाम जागा सोडली. पायऱ्या, ओटा, वरच्या मजल्याचा जिना, सज्जा हे या पट्ट्यात यावेत अशी योजना होती. दहा घरांचा एक गट, प्रत्येकामागे छोटे अंगण, आणि पुढे सर्वांची तोंडे एका फरसबंद गल्लीकडे. दर वीस घरांमागे मैल्याची एक टाकी. पाणी आणि वीज सर्वांना.

घरांची रीतही निराळी होती. अगदी गरीब कुटुंबाला सुमारे ३५ चौरस मीटरचा प्लॉट. त्यावर चौथरा, संडास-न्हाणीघराचा गाळा आणि एक खोली. पुढचे ज्याचे त्याने, जमेल तसे बांधायचे. दोशी यांनी नमुन्याची ८० घरे बांधून दाखवली. एका खोलीपासून ऐसपैस घरापर्यंत कसे वाढत जाता येते हे लोकांना डोळ्यांनी पाहता यावे म्हणून. वीट, दगड, सिमेंट काय वापरावे यावर सक्ती नव्हती. ‘पूर्ण घर का दिले नाही?’ असे कोणी विचारील. रोजंदारीवर जगणारा मनुष्य एकदम घर बांधू शकत नाही, आणि मोठ्या कर्जाचे हप्ते फेडता फेडता ते घर त्याच्या हातून जाते. पण एका पावसाळ्यानंतर एक भिंत, मुलाच्या लग्नाआधी एक खोली, असे तो नक्की बांधतो. त्याला स्वतःला करता येत नाही ते म्हणजे जमिनीचा हक्क, नळ आणि मोरीची वाट. तेवढे प्राधिकरणाने करावे, बाकीचे त्याच्यावर सोपवावे. ही कल्पना दोशींचीच होती असे नव्हे. मद्रासमध्ये १९७०च्या दशकात, आणि मुंबईत चारकोप व गोराई येथे १९८०च्या दशकात, जागतिक बँकेच्या कर्जातून अशाच वसाहती झाल्या.

अरण्यचे वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढेच आहे, आणि ते म्हणजे कोणाला कोठे बसवले. वसाहतीचे सहा भाग केले. मधून बाजाराचा लांबट कणा. सामान्य रीत अशी की, चांगल्या रस्त्यावर चांगले प्लॉट, आणि गरिबांना मागच्या टोकाला, नाल्याकडे. येथे प्रत्येक भागाच्या मध्यभागी सर्वांत गरीब कुटुंबे आणि कडेने मध्यम व बऱ्या स्थितीतील लोक, अशी रचना केली. एकाच शाळेला, एकाच बाजाराला, एकाच मैदानाला जाणे सर्वांना भाग पडावे हा हेतू. एकूण प्लॉटांपैकी सुमारे दोनतृतीयांश दुर्बल घटकांसाठी होते. मोठे प्लॉट व दुकानांच्या जागा बाजारभावाने विकून जो फायदा झाला, त्यातून लहान प्लॉटांची किंमत खाली आणली. म्हणजे श्रीमंत शेजारी हा येथे नुसता शोभेचा नव्हता, त्याच्या पैशाने गरिबाचा नळ आला. १९९५ साली या वसाहतीस आगाखान वास्तुकला पारितोषिक मिळाले; निरनिराळ्या उत्पन्नाच्या कुटुंबांना एकत्र आणण्याच्या प्रयत्नाची परीक्षकांनी विशेष वाखाणणी केली.

पारितोषिकाने अभ्यास संपत नाही. पुढे काय झाले? अनेक मूळ प्लॉटधारकांनी आपले प्लॉट विकले. शहर वाढत वाढत अरण्यपर्यंत आले, जमिनीला भाव आला, आणि घरात आजार किंवा लग्न निघाले की गरिबाजवळ विकण्याजोगी तीच एक वस्तू होती. नमुन्याच्या घरांसारखी घरे फारशी कोणी बांधली नाहीत. लोकांनी आपापल्या आवडीने मजले चढवले, नक्षीचे सज्जे काढले. यांपैकी दुसरी गोष्ट मला मुळीच वाईट वाटत नाही. तेच तर अपेक्षित होते. पहिली मात्र विचारात पाडणारी आहे. विकू नका असा कायदा करावा, तर गरिबाच्या मालमत्तेवर तेवढे बंधन आणि श्रीमंताच्या नाही, हा अन्याय होतो. न करावा, तर एका पिढीत वस्तीचा मिश्र स्वभाव पातळ होतो. नकाशा माणसांना शेजारी बसवू शकतो, त्यांना तेथे टिकवून धरण्याचे बळ त्यात नसते. त्याला जवळपास काम लागते आणि परवडणारा दवाखाना लागतो. यावर अभ्यासवर्गात जरूर वाद व्हावा.

तिसऱ्या प्रयत्नाबद्दल थोडक्यात. १९८९ पासून काही वर्षे हिमांशु पारिख या इंजिनिअरच्या कल्पनेनुसार इंदूरच्या झोपडपट्ट्या जिथल्या तिथे सुधारण्याचे काम ब्रिटिश सरकारच्या मदतीने झाले. झोपडपट्ट्या बहुधा खान व सरस्वती नद्यांच्या आणि नाल्यांच्या काठाने आहेत, म्हणजे पाण्याच्या नैसर्गिक उतारावर आहेत, हे त्यांनी हेरले. मग सबंध शहराची मैलावाहिनी याच वाटेने न्यावी, म्हणजे शहराचे काम होईल आणि वस्तीला घरोघरी संडास मिळेल. झोपडपट्टी ही शहराची अडगळ न मानता त्याची शीर मानली, हा त्यातला विचार. यालाही १९९८ साली आगाखान पारितोषिक मिळाले. परंतु पुढे वाहिन्यांची देखभाल आणि घराघरांची जोडणी यांवरून या प्रकल्पावर कडक टीका झाली. गीता दिवाण वर्मा यांच्या २००२ सालच्या पुस्तकात ती वाचायला मिळते. गाडलेला पाइप दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब मागणाराही कोणी नसतो.

आता आपल्याकडे वळू. नगररचना हा अधिकाऱ्यांचा विषय, आपल्याला काय कळते, असे म्हणून पुष्कळ जण बाजूला होतात. पण विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना देण्यास ठरावीक मुदत असते, आणि ती संधी प्रत्येक नागरिकाला आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर विक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद स्वतः विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. भाजी विकणाऱ्या बाईला हे कोणी सांगितले आहे काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येण्याजोग्या करण्याचे बंधन घातले आहे.

पुढच्या बैठकीपूर्वी अभ्यासवर्गाने दोन कामे करून यावीत. पहिले, प्रत्येकाने एखाद्या वृद्ध व्यक्तीबरोबर तिच्या घरापासून बाजारापर्यंत तिच्या चालीने चालावे, आणि टेकायला जागा किती ठिकाणी मिळाली, सावली कोठे संपली, रस्ता ओलांडायला किती वेळ थांबावे लागले हे लिहून आणावे. तरुणांनी हे काम मोटारसायकलवरून करू नये.

दुसरे काम आपल्याच आवारातले. आपल्या जुन्या उपासनामंदिरांपैकी बहुतेकांना दारापुढे चारसहा पायऱ्या आहेत. चाकाच्या खुर्चीतील मनुष्याला चार जणांनी उचलून आत नेणे हे प्रेमाचे असले तरी, पुढच्या वेळी ‘उगाच तुम्हाला त्रास’ म्हणून तो घरीच राहतो. उताराचे माप सोपे आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. चार पायऱ्यांची उंची दोन फूट भरली तर चोवीस फूट उतार लागेल. आवारात तेवढी सरळ जागा नसेल तर मध्ये वळण घ्यावे, वळणावर निदान पाच फूट सपाट जागा ठेवावी म्हणजे खुर्ची फिरते, आणि दाराची मोकळी रुंदी तीन फूट आहे की नाही हे टेप लावून आधीच पाहावे.