मूत्रपिंडाचे कलम : डॉ. त्रिवेदी यांच्या कार्याची ओळख



आपल्या वाघोडिया भागात कुणाची "किडनी गेली" असे ऐकले की घरात दोनच प्रश्न विचारले जातात. माणूस वाचेल का? आणि पैसा कुठून आणायचा? या दोन्ही प्रश्नांसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या आपल्याच गुजरातमधील डॉ. हरगोविंद लक्ष्मीशंकर त्रिवेदी यांच्या कार्याची ओळख या पाठात करून घेऊ.

मूत्रपिंडांचे काम

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीराला परत मिळतो आणि दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर जातो. हे गाळणे बंद पडले की विषारी द्रव्ये अंगात साठतात. मग दोनच उपाय उरतात : यंत्राने रक्त शुद्ध करणे, म्हणजे डायलिसिस, किंवा दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविणे.

कलम का धरत नाही?

आपण गावठी आंब्याच्या खुंटावर केसरचे कलम बांधतो. सालीला साल नीट मिळाली आणि ओल टिकली की कलम धरते. माणसाचे तसे नाही. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी राखणदारासारख्या असतात. आपले कोण आणि परके कोण हे त्या ओळखतात व परक्यावर तुटून पडतात. रोगजंतूंपासून आपण वाचतो ते यामुळेच. पण भावाने प्रेमाने दिलेले मूत्रपिंडही या राखणदारांना परकेच वाटते.

अमेरिकेतील बोस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण केले. ते साधले, कारण देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांसाठी राखणदारांना दाबून ठेवणारी औषधे शोधावी लागली. ती औषधे महाग असतात आणि जन्मभर घ्यावी लागतात. ती थांबवली तर मूत्रपिंड जाते. घेत राहिले तर क्षयासारख्या रोगांना वाट मोकळी होते.

जुळ्या वासरांचा धडा

खोंडाबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुधा वांझ निघते, हे गुरे पाळणाऱ्यांना माहीत आहे. गाईच्या पोटात दोघांच्या वारेतील रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि एकाचे रक्त दुसऱ्यात जाते, हे त्याचे कारण. १९४५ साली अमेरिकेतील रे ओवेन यांनी दाखवून दिले की अशा वासरांच्या अंगात एकमेकांच्या रक्तपेशी मोठेपणीही टिकून असतात. पुढे इंग्लंडमधील पीटर मेदावर यांना आढळले की अशी जुळी एकमेकांच्या कातडीचे कलमही स्वीकारतात. म्हणजे परक्याला आपले मानायला शरीराला शिकविता येते! या विषयावरील कामासाठी मेदावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हेच शिकविणे रुग्णाच्या बाबतीत साधेल का, याचा ध्यास पुढे डॉ. त्रिवेदी यांनी घेतला.

खेड्यातून निघालेला डॉक्टर

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १९३२ रोजी सौराष्ट्रातील हळवद तालुक्यातल्या चराडवा या खेड्यात झाला. अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. पुढे अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे त्यांनी शिक्षण घेतले आणि कॅनडात हॅमिल्टन येथे काम केले. तेथे त्यांचा जम बसला होता. तरीही १९७७ साली ते मायदेशी परतले आणि अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात मूत्रपिंडाच्या रोगांवर काम करू लागले. १९८१ साली तेथेच मूत्रपिंड रोग व संशोधन संस्था उभी राहिली. गोरगरिबांना परवडेल असा उपचार देणे हे तिचे ध्येय होते.

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो, औषधांचा मात्र दर महिन्याला. पाऊस दगा देतो, कापूस लागतो तसा जातो, आणि त्या वर्षी औषध थांबले की बसविलेले मूत्रपिंडही जाते. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. त्रिवेदी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाबरोबर दात्याच्या हाडांतील मगजाच्या पेशीही रुग्णाला देण्यास सुरुवात केली. पुढे दात्याच्या पोटावरील चरबीतून मिळविलेल्या मूलपेशीही वापरल्या. वासरांना आईच्या पोटात जे आपोआप मिळते, ते रुग्णाला हाताने द्यायचे, असा हा विचार होता. अशा अनेक रुग्णांचे मूत्रपिंड कमी औषधांवर चालू राहिल्याचे अहवाल या संस्थेने प्रसिद्ध केले.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. ही पद्धत जगभर रूढ झालेली नाही. रोपण झालेल्या रुग्णाने डॉक्टरांना न विचारता एक गोळीही कमी करू नये.

२०१५ साली डॉ. त्रिवेदी यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गुजरातच्या अवयवरोपण विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले.

दान करावे, विक्री नको

१९९४ च्या कायद्याने मूत्रपिंड विकणे व विकत घेणे हा गुन्हा ठरविला आहे. आईवडील, मुले, भावंडे, पतिपत्नी, आजीआजोबा व नातवंडे हे जवळचे नातेवाईक दान देऊ शकतात. मृत्यूनंतरही दान करता येते. कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विका, असे सांगणारा दलाल भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. अवयवदान आपल्या धर्माला मान्य आहे का, असे काहीजण विचारतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोममधील अवयवरोपण तज्ज्ञांच्या परिषदेत अशा दानाला प्रेमाचे कृत्य म्हटले आणि अवयवांच्या व्यापाराचा निषेध केला.

आपण काय करावे?

नडियादच्या मूत्ररोग रुग्णालयातील डॉ. मोहन राजापूरकर व सहकाऱ्यांनी देशभरातील ५२,२७३ रुग्णांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध केली. त्यात सुमारे ३१ टक्के रुग्णांत मधुमेह आणि १३ टक्क्यांत रक्तदाब हे कारण होते. १६ टक्क्यांत कारणच सापडले नाही. सर्वांत वाईट गोष्ट ही की जवळजवळ निम्मे रुग्ण शेवटच्या अवस्थेत डॉक्टरांकडे आले. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवा :

१. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा तरी लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनीन तपासून घ्या. तपासणी साधी आहे.

२. सकाळी डोळ्यांखाली सूज, पायांवर सूज, लघवीला न विरणारा फेस किंवा रात्री वारंवार लघवी, यांपैकी काही दिसले तर थांबू नका.

३. अंगदुखीच्या गोळ्या मनाने, रोजच्या रोज घेऊ नका. भस्मे व अनोळखी पुड्याही टाळा.

४. उन्हात काम करताना वेळोवेळी पाणी प्या. जुलाब झाल्यास मीठसाखरेचे पाणी लगेच सुरू करा. मूत्रपिंडाचा रोग आधीपासूनच असेल, तर किती पाणी प्यावे हे डॉक्टरांना विचारा.

५. घोणस चावल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांत्रिकाकडे वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

६. डायलिसिसची वेळ आलीच तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय योजनेत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी मोफत सोय केलेली आहे.

परके मूत्रपिंड शरीराने आपले मानावे म्हणून एका खेड्यातल्या मुलाने उभे आयुष्य दिले. आपल्या अंगात जन्मतःच आहेत, त्या दोन मूत्रपिंडांसाठी वर्षातून एक सकाळ देणे आपल्याला जड जाऊ नये.