भिंत नको, जाळी हवी!

गोव्यातील मुरगाव बंदरात जहाजांतून दगडी कोळसा उतरवतात. लागूनच वास्को शहर आहे. वारा सुटला की कोळशाची भुकटी घरांत येते, अशी तेथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे.

मग कोळशाच्या ढिगांभोवती उंच भिंत का बांधू नये? कारण भिंतीने अडवलेला वारा तिच्यावरून उसळतो आणि पलीकडे खाली येताना भोवरे तयार होतात. हे भोवरेच धूळ उचलतात. म्हणून अशा ठिकाणी जाळीचे कुंपण अधिक उपयोगी पडते. त्याचा जवळजवळ निम्मा भाग छिद्रांचा असतो. छिद्रांतून थोडा वारा संथपणे पलीकडे जातो, त्यामुळे मोठे भोवरे होत नाहीत.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला, तर दाब एकचतुर्थांश होतो! शिवाय ठरावीक वेगाखाली कण जागचे हलतच नाहीत.

कुंपणाचा आडोसा त्याच्या उंचीच्या सुमारे १० पट अंतरापर्यंत जाणवतो. म्हणजे १० मीटर उंचीच्या कुंपणामागे सुमारे १०० मीटरपर्यंत. मात्र ढीग कुंपणाहून उंच झाला, तर त्याचा माथा उघडा पडतो. म्हणून ढिगावर पाणीही फवारावे लागते.

घरी करून पाहा : टेबलावर रांगोळीची भुकटी पसरा. तिच्यापुढे पुठ्ठा उभा करून पंख्याचा वारा सोडा. मग त्याच पुठ्ठ्याला भरपूर भोके पाडून पुन्हा पाहा. डोळे मात्र सांभाळा. भुकटी कोठे व किती हलली, याची दोन्ही वेळा वहीत नोंद करा.