निष्ठा कुणाशी, पाठिंबा कशासाठी?

पक्षाच्या सभासदांनी मतदान करून आपला उमेदवार निवडावा, ही अमेरिकेतली पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. २०१४ मध्ये काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत तसा प्रयोग केला, पण पुढे तो टिकला नाही. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत उमेदवार ठरतो तो इच्छुकांच्या मुलाखती, नेत्यांच्या शिफारशी, युतीतलं जागावाटप आणि शेवटी हातात पडणारा, पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारा एबी फॉर्म यांतून. तरीही त्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याला एक प्रश्न विचारला जातोच: तू कुणाच्या बाजूने? डोंबिवलीत वर्षानुवर्षं बूथवर काम करताना या प्रश्नाने मला जे शिकवलं, ते इथे मांडतो आहे.

१. निष्ठेचा दावा दोन्ही बाजूंना करता येतो.
जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, तेव्हा ठाण्याने हे सगळ्यांत जवळून पाहिलं. २०२४ च्या लोकसभेला ठाकरे गटाचे राजन विचारे आणि शिंदे गटाचे नरेश म्हस्के समोरासमोर उभे राहिले. दोघेही ठाण्याचे शिवसेना नेते आनंद दिघे यांच्या तालमीतले, दोघांच्याही बॅनरवर दिघे साहेबांचा फोटो. त्याच वर्षी विधानसभेला कोपरी-पाचपाखाडीत एकनाथ शिंदे यांच्यासमोर दिघे यांचे पुतणे केदार दिघे उभे होते. कोण खरा निष्ठावंत यावर शाखाशाखांत भांडणं झाली, घराघरांत अबोला धरला गेला. त्या वादातून मतदाराच्या हाती काही लागलं नाही. म्हणून कुणी निष्ठेची शपथ घातली की मी विचारतो, निष्ठा कशाशी? माणसाशी, चिन्हाशी की ज्या कामासाठी संघटना उभी राहिली त्या कामाशी? याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणाच्या बाजूने उभं राहू नये.

२. विचार पक्का असेल, तर तिकीट गेलं तरी माणूस उभा राहतो.
राम कापसे सर १९८९ आणि १९९१ असे दोनदा ठाण्यातून खासदार झाले. १९९६ ला युतीच्या वाटपात ही जागा भाजपकडून शिवसेनेकडे गेली आणि प्रकाश परांजपे निवडून आले. विद्यमान खासदाराची जागा जाणं म्हणजे काय, हे ज्याने बूथ सांभाळला आहे त्यालाच कळेल. सरांनी पक्ष सोडला नाही. पुढे ते राज्यसभेवर गेले, अंदमान-निकोबारचे नायब राज्यपालही झाले. पण मला मोलाचं वाटतं ते त्यांचं १९९६ मधलं वागणं. तेव्हा पुढे काय मिळणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

३. बंड करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा.
अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस, दुपारी तीनची वेळ जवळ आलेली. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर इच्छुक हातात फाइल घेऊन उभे असतात. प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, सूचकांच्या सह्या, सगळं तयार. फक्त एबी फॉर्म यायचा असतो. तो दुसऱ्याला मिळाल्याचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ऐकू येतं, "इतकी वर्षं सतरंज्या उचलल्या, त्याचं हेच फळ?" हे दुःख खरं असतं, त्याला कुणी हसू नये. पण त्या वाक्यात प्रभागाचं नावही नसतं. २०१९ ला कल्याण पश्चिमेत जागा शिवसेनेला सुटली, तेव्हा भाजपचे त्या वेळचे आमदार नरेंद्र पवार अपक्ष लढले आणि विश्वनाथ भोईर निवडून आले. बंडखोरी नेहमीच चूक, असं मी म्हणणार नाही. प्रश्न एवढाच: तिकीट मला मिळालं असतं, तर आज जो मुद्दा मी मांडतो आहे तो मी मांडला असता का? उत्तर "हो" असेल तर खुशाल लढावं.

४. अटी पाठिंब्याआधी सांगाव्यात, त्याही कागदावर.
९ एप्रिल २०२४ ला गुढीपाडव्याच्या मेळाव्यात राज ठाकरे यांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा जाहीर केला. कल्याणमध्ये मनसेचे कार्यकर्ते शिंदे गटाचे उमेदवार श्रीकांत शिंदे यांच्यासाठी राबले. काही महिन्यांनी विधानसभेला कल्याण ग्रामीणमध्ये मनसेचे आमदार राजू पाटील यांच्यासमोर शिंदे यांच्याच शिवसेनेने राजेश मोरे यांना उतरवलं आणि तेच जिंकले. बिनशर्त दिलेल्या शब्दाची परतफेड मागता येत नाही.

सोसायट्यांनाही हेच लागू आहे. प्रचारात उमेदवार येतो, चहा होतो आणि लेटरहेडवर "जाहीर पाठिंबा" लिहून दिला जातो. आमच्या भागात आम्ही त्या पत्राची रीत बदलली. आधी तीन कामं: पाण्याचा दाब, अर्धवट डीपी रस्ता, पावसाळ्याआधी नालेसफाई. त्याखाली उमेदवाराची सही, आणि त्याच्याही खाली आमचा पाठिंबा. सही करताना एका उमेदवाराचा पेन रस्त्याच्या ओळीवर थांबला. ते काम आपल्या एकट्याच्या हातात नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं. त्या खरेपणासाठीच आम्ही त्याचं काम केलं.

५. पक्ष बदलणाऱ्याला शिवी देऊ नये, कारण विचारावं.
आनंद परांजपे २००९ ला शिवसेनेचे कल्याणचे खासदार झाले आणि २०१४ ला तिथूनच राष्ट्रवादीतर्फे लढले. अशा वेळी "गद्दार" म्हणणं सोपं असतं. त्याऐवजी विचारावं, काल ज्या मुद्द्यावर मतं मागितलीत त्याचं आज काय? मुद्दा तोच असेल तर ऐकून घ्यावं, मुद्दाच सोडला असेल तर दार बंद. पक्षांतरबंदी कायदा निवडून आलेल्यांना लागू होतो. कार्यकर्त्याला कुणाचा व्हीप नसतो, त्यामुळे त्याची जबाबदारी जास्त आहे.

६. आपल्या माणसासाठीही एक रेषा हवी.
२ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात शिंदे गटाचे महेश गायकवाड यांच्यावर गोळीबार झाला आणि भाजपचे आमदार गणपत गायकवाड यांना अटक झाली. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. पण त्या रात्रीनंतर दोन्हीकडचे कार्यकर्ते लगेच आपापल्या माणसाच्या बाजूने बोलू लागले, ते मला मनापासून खटकलं. दोन्ही पक्ष सत्तेत एकत्र होते. हिंसेपुढे आपला-परका करायचा नसतो. तिथे निष्ठा संपते.

७. शेवटचा हिशोब मतदाराला द्यायचा असतो.
१९७७ आणि १९८० मध्ये ठाण्यातून निवडून आलेले रामभाऊ म्हाळगी आपल्या कामाचा अहवाल नियमाने लोकांपुढे ठेवत. नेत्याने हे करावं, तसंच ज्याने पाठिंबा दिला त्यानेही करावं. मी ज्याच्यासाठी दारोदार फिरलो त्याने काय केलं, हे सांगायला निवडणुकीनंतर वर्षभराने मी त्याच दारांवर जातो. काम झालं असेल तर अभिमानाने सांगतो, झालं नसेल तर त्याच्यासमोर बसून जाब विचारतो. असं जाता येणार नाही अशा उमेदवारासाठी कितीही मोठ्या साहेबाचा निरोप आला, तरी घराबाहेर पडू नये.