सायनसचे दार आणि दुर्बीण



पावसाळा सुरू झाला की वर्गात कोणी शिंकत असते, कोणी नाक ओढत असते. अशा वेळी एखादा मित्र कपाळ दाबून म्हणतो, "मला सायनस आहे." त्याला सांगा, "मलाही आहे, आणि आपल्या गुरुजींनाही आहे!" कारण सायनस हा रोग नव्हेच. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधील हवेने भरलेली पोकळी. तिला सूज आली की त्रास होतो, आणि बोलताना आपण त्या त्रासालाच पोकळीचे नाव देऊन टाकतो.

या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. गालाच्या हाडात एक, दोन डोळ्यांच्या मध्ये लहान लहान कप्प्यांची एक, कपाळात एक आणि नाकाच्या मागे, खोल, एक. गालातील पोकळी सर्वांत मोठी. मोठ्या माणसात तिच्यात सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे तीन लहान चमचे पाणी मावेल. गालातील आणि डोळ्यांमधील पोकळ्या जन्मतःच असतात. कपाळातील पोकळी मात्र नंतर वाढत जाते आणि तुमच्या वयातही तिची वाढ चालूच असते. या सर्व पोकळ्या बारीक छिद्रांनी नाकाशी जोडलेल्या आहेत. ही छिद्रे म्हणजे त्यांची दारे. आपल्या आजच्या पाठाचा विषय ही दारेच आहेत.

चढावर जाणारा प्रवाह

मुळशी तालुक्यातील माण गावाकडे चला. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा याच गावच्या शिवारात उभा आहे. पण मुळशी तालुका मूळचा भाताचा. भाताच्या खाचरात पाणी साठवतात आणि जास्त झालेले पाणी बांधाला तोंड पाडून खालच्या खाचरात सोडतात. त्या तोंडाशी गवत-काडीकचरा अडकला तर पाणी तुंबते आणि रोपे कुजतात. शेतकरी तेव्हा काय करतो? सारे खाचर खणून काढत नाही. तो बांधावर जाऊन तेवढे तोंड मोकळे करतो.

सायनसचेही असेच आहे. तिच्या आतल्या पातळ अस्तरातून चिकट द्रव सतत पाझरतो. हवेतील धूळ व जंतू त्याला चिकटतात. हा द्रव दाराने नाकात येतो, तेथून घशात उतरतो आणि आपल्या नकळत गिळला जातो.

मात्र खाचर आणि सायनस यांत एक मोठा फरक आहे. खाचरातील पाणी उताराने वाहते, पण गालातील सायनसचे दार तळाशी नसून वर, छताजवळ आहे! मग द्रव चढतो कसा? अस्तराच्या पेशींवर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते सेकंदाला दहा-बारा वेळा, सर्व मिळून एका लयीत, दाराच्या दिशेने हलतात. वाऱ्याने भाताच्या शेतावर लाट उठावी तसे हे दृश्य सूक्ष्मदर्शकातून दिसते. या लाटेवर बसून द्रवाचा थर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने भिंतीवरून वर चढतो आणि नेमका दाराशी पोहोचतो.

या तंतूंचे काम तपासण्याची एक सोपी पद्धत डॉक्टर वापरतात. नाकात पुढच्या बाजूस सॅकरिनचा कण ठेवतात आणि घशाशी गोड चव कधी लागते ते घड्याळावर पाहतात. तंतू नीट काम करत असतील तर सुमारे वीस मिनिटांच्या आत चव लागते. (हा प्रयोग डॉक्टरांनीच करावयाचा आहे. घरी नाकात काही घालू नका.)

दार बंद झाले तर

सर्दीने, किंवा धूळ, परागकण, बुरशी यांच्या ॲलर्जीने अस्तर सुजते. दार मुळातच काही मिलिमीटरचे, त्यामुळे थोड्या सुजेनेही ते मिटते. आत द्रव साठतो, तंतू मंदावतात आणि जंतूंना आयते घर मिळते. नाक चोंदते, घट्ट स्राव येतो, चेहरा जड होतो, वास कळेनासा होतो. बहुतेकांना हे थोड्या दिवसांत आपोआप बरे वाटते. पण बारा आठवडे उलटूनही त्रास चालूच राहिला, तर डॉक्टर त्याला जुनाट विकार म्हणतात. काहींच्या नाकात द्राक्षाच्या मण्यांसारखे मऊ कोंब वाढतात. लोक याला 'नाकात मांस वाढले' असे म्हणतात.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक डोकेदुखी सायनसची नसते. पुष्कळदा ती अर्धशिशी असते, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

तळाशी पाडलेले छिद्र

अमेरिकेतील कॉल्डवेल यांनी १८९३ साली आणि फ्रान्समधील ल्यूक यांनी १८९७ साली एक शस्त्रक्रिया सुचविली. वरच्या ओठाखाली छेद घेऊन गालाचे हाड फोडावयाचे, सायनसचे अस्तर खरवडून काढावयाचे आणि तळाजवळ नाकात नवे छिद्र पाडावयाचे. विचार सरळ होता : पाणी खाली वाहते, म्हणून भोक खाली हवे. अनेक दशके हीच शस्त्रक्रिया प्रचलित होती. गाल सुजे, दात व ओठ बधिर होत, आणि कित्येकांचा त्रास पुन्हा परत येई.

असे का व्हावे? याचे उत्तर ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात मिळाले. प्राध्यापक वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी सायनसच्या अस्तरावरील द्रवाच्या वाटांचा बारकाईने अभ्यास केला. मृत्यूनंतरही काही तास हे तंतू हलत राहतात, या गोष्टीचा त्यांना उपयोग झाला. त्यांना दिसले की तळाशी नवे छिद्र असले, तरी द्रव त्याला वळसा घालून वरच्या नैसर्गिक दाराकडेच जातो! तंतूंची दिशा जन्मापासून ठरलेली असते. आपण पाडलेले भोक त्यांना ठाऊक नसते.

दुसरी गोष्टही त्यांच्या ध्यानात आली. बिघाडाचे मूळ बहुधा मोठ्या सायनसमध्ये नसून, डोळ्यांमधील कप्प्यांजवळच्या अरुंद वाटांमध्ये असते. तेवढ्या वाटा मोकळ्या केल्या की सुजलेले अस्तर पुष्कळदा आपोआप सुधारते, ते खरवडावे लागत नाही. म्हणजे खाचर खणावयाचे नाही, बांधाचे तोंड तेवढे मोकळे करावयाचे.

काचेच्या कांड्यांची दुर्बीण

पण या अरुंद वाटा नाकात खोल, काळोखात. तेथे पाहावे कसे? १९०१ साली जर्मनीत हिर्शमान यांनी मूत्राशय पाहण्याची नळी सुधारून तिने सायनसमध्ये डोकावून पाहिले होते, पण चित्र फार अंधुक दिसे. जुन्या नळीत पातळ भिंगे दूरदूर बसविलेली असत आणि मधली जागा हवेची असे. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास ही रचना उलटी केली. मधली जागा त्यांनी काचेच्या लांब कांड्यांनी भरली आणि दोन कांड्यांमधल्या हवेच्या छोट्या फटींनाच भिंगाचे काम दिले. त्यामुळे बारीक नळीतूनही प्रखर व स्पष्ट चित्र मिळू लागले.

प्रकाश आत नेण्याचे काम काचतंतूंनी केले. याच हॉपकिन्स यांच्याबरोबर भारतात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठविण्याचे संशोधन १९५४ साली प्रसिद्ध केले. तुम्ही शिकलेले पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. दिवा नाकाबाहेर राहतो आणि तंतूंतून फक्त उजेड आत जातो, म्हणून आतला भाग भाजत नाही.

मेसरक्लिंगर, त्यांचे सहकारी हाइन्त्स श्टामबर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी या साधनावर नवी शस्त्रक्रिया उभी केली. १९८५ पासून ती जगभर पसरली. आज महाराष्ट्रातही ती नित्याची आहे. लोक तिला 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया' म्हणतात. गंमत अशी की ही दुर्बीण दूरचे नव्हे, तर अगदी जवळचे दाखविते!

शस्त्रक्रिया कशी होते?

प्रथम औषधे, नाकात मारण्याचे फवारे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे हे उपाय पुरेसे दिवस करून पाहतात. त्यांनी गुण आला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो. सीटी स्कॅन काढून रोग्याच्या पोकळ्यांचा नकाशा तयार करतात, कारण प्रत्येकाची रचना थोडी वेगळी असते. रोग्याला भूल देतात. मग सुमारे ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत सरकवतात. पडद्यावर चित्र पाहत, बारीक हत्यारांनी, दाराशी आलेला अडथळा दूर करतात. चेहऱ्यावर छेद नाही, टाके नाहीत. पुष्कळ रोगी त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी जातात.

तरी हे काम सोपे समजू नका. डोळा आणि सायनस यांच्यामधील हाड इतके पातळ असते की त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच 'कागदासारखा पत्रा' असा आहे. वरच्या बाजूस पातळ हाडापलीकडे मेंदू असतो. म्हणून क्वचित का होईना, डोळ्याला इजा होण्याचा किंवा मेंदूभोवतालचा द्रव गळण्याचा धोका असतो. शिवाय ही शस्त्रक्रिया ॲलर्जी घालवीत नाही. कोंब पुन्हा वाढू शकतात. नाक धुणे आणि फवारे नंतरही चालू ठेवावे लागतात.

या दुर्बिणीचे मोल महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर 'काळी बुरशी', म्हणजे म्यूकरमायकोसिस, अनेकांना झाली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड औषधे यांमुळे प्रतिकारशक्ती खालावलेल्यांच्या नाकात व सायनसमध्ये ही बुरशी वाढे, रक्तवाहिन्या बंद पाडी आणि डोळ्याकडे, मेंदूकडे सरके. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने या रोगाची नोंद सक्तीची करण्याची सूचना राज्यांना दिली. अँफोटेरिसिन-बी या औषधाबरोबरच दुर्बिणीने मृत भाग काढून टाकणे हा उपचाराचा मुख्य आधार होता. तेथे एकेका दिवसाच्या उशिराला डोळ्याची किंवा प्राणाची किंमत होती.

आपण काय करावे?

माणसारख्या गावात एकीकडे बांधकामांची व रस्त्यांची धूळ आणि दुसरीकडे पावसाळ्यातील ओल. धुळीत नाकावर रुमाल बांधा, ओल्या भिंतींवरची बुरशी पुसा, घरात धूम्रपान होऊ देऊ नका. नाक धुण्याची जलनेती ही आपल्याकडची जुनी क्रिया आहे. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच हवे, कारण कच्च्या पाण्यातील नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरू शकतो. लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ घालावे. रक्तातील क्षारांशी ते जुळते, म्हणून झोंबत नाही. पहिल्यांदा जाणकाराच्या देखरेखीखालीच करा. डोळा सुजला, दृष्टी दुहेरी झाली किंवा तापाबरोबर मान ताठ झाली, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठा.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ एक गोल छिद्र पाडा आणि ते बोटाने दाबून बाटली पाण्याने भरा. खोलीत अंधार करा. छिद्राच्या विरुद्ध बाजूने बॅटरीचा झोत टाका आणि बोट काढा. धार वाकते, तसा उजेडही तिच्याबरोबर वाकतो. धार तळहातावर घ्या, तेथे उजेडाचा ठिपका दिसेल.

विचार करा

१. गालातील सायनसचे दार तळाशी असते, तर तंतूंची गरज किती उरली असती? झोपल्यावर काय झाले असते?

२. १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम, तर पाव लिटर पाण्याला किती ग्रॅम मीठ लागेल?

३. कॉल्डवेल आणि ल्यूक यांच्या तर्कात कोणती गोष्ट गृहीत धरली होती? ती कोणत्या निरीक्षणाने खोटी ठरली?