कुंडीबरोबर आलेली माणसं

मार्च संपत आला की मुलांच्या परीक्षा आणि मोगऱ्याच्या कळ्या एकदमच येतात, आणि घरात दोन्हींवर सारखीच करडी नजर असते. पुण्यात आम्ही काही जण गच्चीत, बाल्कनीत, बंगल्याच्या बोळात, जमेल तिथे झाडं लावणारे. महिन्याकाठी कुणा एकाच्या घरी जमतो. येताना कुणी रोप आणतं, कुणी बिया, कुणी जीवामृताची बाटली (तिचं बूच घट्ट असावं एवढीच इतरांची प्रार्थना). जमायचं निमित्त बाग. पण मावा आणि पिठ्या ढेकणाला यथेच्छ शिव्या देऊन झाल्या की बोलणं माणसांवर येतं, कारण आमच्याकडे निनावी रोप जवळजवळ नाहीच. हा कढीपत्ता सासूबाईंच्या माहेरचा. ही जास्वंद ज्या शेजारणीशी पुढे कित्येक वर्षं अबोला होता तिच्याकडची. अबोला धरला, जास्वंद ठेवली. हा गवती चहा धाकट्या दिराला नोकरी नव्हती तेव्हा त्यानं लावलेला.

तुम्हा आईबाबांशी बोलायचं आहे ते या गप्पांच्या कडेला बसलेल्या मुलांविषयी. घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून आणलेली ही मुलं. हातात फोन, चेहऱ्यावर ‘कधी निघायचं’. आपल्याला वाटतं, यांचं लक्ष नाही. लक्ष असतं. फक्त ते आपल्याकडे बघून ऐकत नाहीत, इतकंच.

आमच्यातल्या एक आजी आता ऐंशी ओलांडलेल्या. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा त्या नारायण पेठेत नव्यानं सासरी आलेल्या होत्या. त्यांच्या नातवाला ही गोष्ट माहीत होती. वडिलांच्या तोंडून, तीही प्रत्येक वेळी मार्क कमी पडले की. ‘अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले होते आजी-आजोबा, आणि तुला अभ्यासाला स्वतंत्र खोली आहे!’ ही गोष्ट सुरू झाली की तो मुलगा पंख्याकडे बघायचा. मीही बघितलं असतं.

मग एकदा गच्चीवर आजी मोगऱ्याचं दाब कलम करत होत्या. फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत मातीखाली दाबायची, वर दगड ठेवायचा; मुळं फुटली की आईपासून तोडायची. नातवाला दगड आणायला पिटाळलेलं. तो आणत असताना त्या कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, ‘पुरात भांडीकुंडी गेली तेव्हा सगळे रडत होते. मला आतून एका गोष्टीचा आनंद झाला होता. ते मोठं घंगाळ गेलं एकदाचं! रोज चिंच आणि राख लावून घासायला लागायचं.’ मुलगा दगड हातात घेऊन हसायला लागला. मग त्यानं विचारलं, घंगाळ म्हणजे केवढं? कोण घासायला लावायचं? तू कुणाला सांगितलंस का? आणि मोगरा कुठून आला? मोगरा पुरानंतर ज्यांच्याकडे आसरा मिळाला त्या घरमालकीणबाईंचा. त्या बाईंबद्दल पुढे खूप बोलणं झालं. गोष्ट तीच, पूर तोच. वडिलांच्या गोष्टीत मुलगा आरोपी होता. आजीच्या गोष्टीत तो आजीच्या बाजूनं गुपितात सामील झाला.

अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश या मानसशास्त्रज्ञांनी या विषयावर काम केलं आहे. सुरुवात ड्यूक यांच्या पत्नी सारा यांच्या निरीक्षणातून झाली. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांना दिसलं होतं की ज्यांना आपल्या घराबद्दल बरंच ठाऊक असतं ती मुलं अडचणींना अधिक नेटानं तोंड देतात. मग या दोघांनी २० साधे प्रश्न काढले. आई-बाबांची भेट कशी झाली, आजी-आजोबा कुठे वाढले, तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं, अशा तऱ्हेचे. २००१ मध्ये काही कुटुंबांना हे प्रश्न विचारले, त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पाही ध्वनिमुद्रित केल्या. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास अधिक होता, आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे असं त्यांना अधिक वाटत होतं. त्या यादीतला एक प्रश्न मला फार आवडतो: हसत नाही म्हणून ज्याचा चेहरा कायमचा आंबटच राहिला असा एखादा नातेवाईक तुला माहीत आहे का? असा चेहरा काही खरोखर गोठत नाही. पण घरोघर असे किस्से असतात, आणि खरेपणाची खात्री नसलेला किस्साही घरचाच असतो.

आता हे वाचून कुणी वीस प्रश्नांचा तक्ता फ्रिजवर लावायला निघालं असेल तर थांबा. ड्यूक यांनीच पुढे बजावलं आहे की उत्तरं पाठ करून घेतल्यानं मुलं कणखर होत नाहीत. ती उत्तरं ज्या वातावरणात सहज कानावर पडतात, खरी किंमत त्याची. आपल्याकडे धोका मोठा आहे, कारण आपण कशाचीही शिकवणी लावू शकतो.

वसंतात बागेत काय काय चाललेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. शिंजीराचा नर काळाभोर जांभळा चमकायला लागतो, तांबट दिवसभर टुक टुक करत असतो, कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडते आणि चटणी की फुलपाखरू यावरून घरात दोन पक्ष पडतात. यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यावरून आमच्यात बराच वाद झाला.

एका मैत्रिणीच्या बाल्कनीत मधुमालतीच्या वेलात बुलबुलानं घरटं केलं. लाल बुडाचा, नेहमीचा. गुलाबीसर, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी. मुलगी चौथीत. तिनं वही केली, पडद्याआडून बघायची शिस्त घरातल्या सगळ्यांना लावली. साधारण दोन आठवड्यांनी पिल्लं निघाली. नंतर एका सकाळी कावळा आला आणि घरटं रिकामं झालं. मुलगी इतकी रडली की शाळेत गेली नाही.

वडिलांनी समजावलं. कावळ्यांचाही हाच हंगाम, पावसाआधी तेही घरटी बांधतात, त्यांनाही पोरं पोसायची असतात. बुलबुल पुन्हा अंडी घालतील. एकही वाक्य चुकीचं नव्हतं आणि एकाचाही उपयोग झाला नाही. दुपारी आजी, म्हणजे मैत्रिणीची आई, शेजारी बसून कुंडीतलं तण काढत होती. ती म्हणाली, ‘माझ्या पाठची एक होती. सव्वा महिन्याची झाली आणि गेली.’ थोड्या वेळानं म्हणाली, ‘त्यानंतर बरेच दिवस आमची आई कुणावर ओरडली नाही. त्याचीच आम्हाला भीती वाटायची.’ आणि तण काढत राहिली.

मैत्रीण स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. आपल्याला आणखी एक मावशी होती हे तिला चाळिशीत, तेही मुलीला सांगितलेलं ऐकून कळलं. आधी ती सुन्न झाली, मग चिडली. नऊ वर्षांच्या मुलीला हे सांगायची काय गरज? पुढच्या बैठकीत तिनं तो प्रश्न आमच्यापुढे टाकला. निम्मे तिच्या बाजूचे. मुलांचं बालपण हलकं ठेवावं, दुःख पुढे आहेच, असं म्हणणारे. मी आजीच्या बाजूची होते आणि अजून आहे. त्या मुलीचं काहीतरी खरोखर गेलं होतं. घरातला प्रत्येक जण तिचं जाणं लहान करून दाखवत होता. एकट्या आजीनं तसं केलं नाही. शिवाय आजी योग्य जागी थांबली. ‘म्हणून देवावर भरवसा ठेवावा’ असं शेपूट तिनं जोडलं नाही. ते जोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी मुलीनं येऊन ‘तिचं नाव काय ठेवलं होतं?’ असं विचारलं नसतं.

मात्र एक भेद करायला हवा, आणि तो आमच्यातल्या विरोधी पक्षानं दाखवून दिला. घडून गेलेलं, ज्याच्याकडे सांगणारी व्यक्ती आता शांतपणे बघू शकते, ते मुलासमोर बोलता येतं. पण चालू असलेलं भांडण, भावाभावांतला जमिनीचा दावा, या महिन्याचा हप्ता कसा भरायचा ही धास्ती, यांची अजून गोष्ट झालेली नसते. ते सांगून आपण मुलाला पंच करतो. तेवढं ओझं त्यानं उचलू नये.

आता आईकडच्या गोष्टींविषयी. आमच्यात एक निवृत्त जीवशास्त्राच्या शिक्षिका आहेत. त्यांच्याकडे पांढरट-पिवळे पट्टे असलेल्या पानांची गुलबक्षी आहे. गुलबक्षी मूळची अमेरिका खंडातली, पण आता मराठी परसात इतकी रुळली आहे की तिला परकी म्हणायची कुणाची छाती नाही. कार्ल कोरेन्स या जर्मन शास्त्रज्ञानं १९०९ मध्ये याच झाडावर दाखवलं की पानांच्या रंगाची ही चाल फक्त आईकडून येते. हिरव्या फांदीवरच्या फुलाचं बी हिरवं रोप देतं, पांढऱ्या फांदीवरचं बी पांढरं रोप देतं आणि ते बिचारं जगत नाही. पराग कुठल्याही फांदीचा असो, काही फरक पडत नाही. कारण पानाला हिरवं करणारी हरितलवकं या झाडात बीजांडाच्या वाटेनंच पुढच्या पिढीत जातात, परागातून नाही.

बाईंनी हे सांगितल्यावर एक काका हसत म्हणाले, ‘आणि आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांतात नेमकं उलटं!’ खरंच आहे. जुने कुलवृत्तांत काढून बघा. पणजोबांचे पणजोबा कुठल्या गावाहून निघाले ते सापडतं. मुलींची ओळ मात्र सासरचं आडनाव आलं की संपते. आडनाव, मूळ गाव, कुलदैवत हे सारं बापाच्या बाजूनं मुलापर्यंत आपोआप पोचतं. आईच्या आईचं काय पोचतं? बहुतेक घरांत एखादी पाककृती, आणि झाडं. माहेराहून परतताना पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली फांदी. म्हणून आमच्या गच्च्यांवर ज्या गोष्टी निघतात त्या बव्हंशी बायकांच्या माहेरच्या असतात, आणि त्या अनेकदा नवऱ्यांनाही नव्या असतात.

तेव्हा बाबा लोकांना एक सुचवणं. चैत्रगौर चैत्र शुद्ध तृतीयेला येते, अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर माहेरपण करते. त्या दिवसांत हळदीकुंकवाला कैरीची डाळ आणि पन्हं असतं, बायकांची ये-जा असते, आणि पुरुष पेपर घेऊन आत बसतात. यंदा बसू नका. सासूबाई आल्या असतील तर मुलांना बरोबर घेऊन त्यांना कुंड्यांपाशी न्या आणि त्यांच्या अंगणात काय होतं ते विचारा. ‘तुमच्या आयुष्याबद्दल सांगा’ म्हणालात तर त्या ‘आमचं काय सांगायचं’ म्हणतील. ‘विहिरीपाशी कसलं झाड होतं?’ म्हणालात तर बोलायला लागतील.

आणि त्या बोलायला लागल्या की मधे पडू नका. तारखा दुरुस्त करू नका, ‘आई, हे मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंस’ म्हणू नका. मुलाला ‘बघ, ऐकतोयस ना?’ असं तर अजिबात म्हणू नका. तेवढ्यानं त्याचे कान मिटतात. त्याच्या हातात झारी द्या, पालापाचोळा चुरायला द्या, बियांच्या पुड्या करायला बसवा. समोरासमोर बसवून मुलं बोलत नाहीत हे तुम्हाला अनुभवानं माहीत आहे. दोघांची नजर एकाच कुंडीकडे असली की बोलतात. फोटो काढून लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा मोहही आवरा. सांगणाऱ्या व्यक्तीचा आवाज त्या क्षणी बदलतो.

आमच्या मंडळात दोन बहिणी आहेत, दोघींकडे एकाच अनंताच्या फांद्यांपासून वाढवलेली झाडं. थोरली म्हणते, मूळ झाड वडिलांनी मुंबईच्या बदलीच्या वेळी आणलं. धाकटी म्हणते, छे, ते आईनं शेजारच्या बंगल्याच्या कुंपणातून रात्री तोडून आणलं होतं, आणि मी कंदील धरला होता. थोरलीच्या मते धाकटीचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. या वादावरून आता त्यांच्या नातवंडांमध्येही दोन तट पडले आहेत, आणि चोरीच्या बाजूला बहुमत आहे. पुढची बैठक धाकटीच्या गच्चीवर आहे. थोरलीनं वडिलांच्या बदलीचा कागद घेऊन येते म्हणून कळवलंय.