पाहणी आणि रदबदली
(खेड्यांतील मंडळ्यांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : नहेम्या, अध्याय 1, 2 व 5.

पाठाचा उद्देश : जो गरिबाची बाजू मांडू इच्छितो त्याने प्रथम गरिबाची स्थिती नीट तपासली पाहिजे, हे शिकणे.

1. नहेम्याची रीत

यरुशलेमेचा कोट पडून राहिला आहे हे ऐकून नहेम्या रडला, त्याने उपवास व प्रार्थना केली. आपण बहुधा येथेच थांबतो. परंतु पुढे पाहा. राजापुढे त्याने मोघम दया मागितली नाही. किती काळ लागेल ते सांगितले, अधिकाऱ्यांस देण्यास पत्रे मागितली व तुळयांसाठी लाकूड मागितले. नगरात आल्यावर तो रात्री थोडी माणसे घेऊन निघाला व त्याने कोट स्वतः पाहिला. एके ठिकाणी जनावरास वाट मिळेना, तरी ओढ्याच्या बाजूने वर चढून त्याने पाहणी पुरी केली. तोपर्यंत तो कोणाशी काही बोलला नाही. आधी डोळे, मग तोंड, हा त्याचा क्रम होय.

पाचव्या अध्यायात गरिबांची ओरड आहे. धान्यासाठी व करासाठी शेते गहाण पडली होती आणि मुलेबाळे दास्यात गेली होती. नहेम्या संतापला, परंतु मनाशी विचार करून मगच त्याने सरदारांस सभेत जाब विचारला. स्वतःच्या लोकांनीही व्याज सोडावे असे तो म्हणाला, व अधिपती असता आपला भत्ता त्याने बारा वर्षे घेतला नाही. म्हणून त्याच्या शब्दास वजन आले.

2. आपल्या मुलखातील दोन दाखले

मलकापुराजवळ कऱ्हाडास कृष्णा व कोयना यांचा संगम आहे. परंतु पूर्वेकडे माण, खटाव व खानापूर ह्या भागांत दुष्काळ वारंवार येतो. 1982 साली मुंबईच्या गिरण्यांत संप झाला तेव्हा खानापूर तालुक्याचे पुष्कळ कामगार गावी परतले. भारत पाटणकर आदिकरून मंडळींच्या मुक्ति संघर्ष चळवळीत त्यांनी केवळ खडी फोडण्याचे काम मागितले नाही. दुष्काळ का पडतो ह्याचीच चौकशी केली. पीक, पाणी व नदी तपासता असे दिसले की, पाऊस कमी हे एकच कारण नव्हे. पाणी थोड्यांच्या उसाकडे जात होते, आणि येरळेच्या पात्रातील वाळू ठेकेदार उपसून नेत होते. तेव्हा बलवडी व तांदूळवाडी येथील लोकांनी सरकारास विनंती केली की, थोडी वाळू आम्हांस विकू द्यावी, म्हणजे तिच्या पैशाने आम्ही बंधारा बांधू. पुष्कळ झगडल्यावर परवानगी मिळाली, व त्या दशकाच्या अखेरीस बळिराजा स्मृती धरण उभे राहिले. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापाने नव्हे, कुटुंबाच्या मापाने द्यावा, भूमिहीनासही द्यावा, असे तत्त्व त्यांनी ठरविले.

दुसरा दाखला म्हसवडचा. लोहारकाम करून रस्त्याकडेला राहणाऱ्या एका बाईस, पावसात मुलांवर आडोसा करता यावा म्हणून थोडे पैसे साठवावयाचे होते. परंतु तिची रक्कम इतकी लहान की कोणती बँक तिचे खाते उघडीना. हे पाहून चेतना गाला सिन्हा यांनी स्त्रियांची बँक काढण्याचे ठरविले. सभासद स्त्रिया निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या स्त्रिया घरी बसल्या नाहीत. त्यांनी वर्ग भरवून अक्षरे शिकली, पुन्हा अधिकाऱ्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या की, आम्हांस व्याजाचा हिशेब घालून पाहा. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली.

3. बोध

ह्या दोन्ही ठिकाणी केवळ कळवळ्याने काम झाले नाही, व केवळ कागदानेही झाले नाही. कळवळ्याने पाहणी करविली, आणि पाहणीने मागणीस बळ दिले.

उपदेशक बंधूंनो, घरभेटीस जाता तेव्हा प्रार्थनेबरोबर ऐकण्याचेही काम करा. कर्ज किती, व्याज किती, मजुरीचे दिवस किती, कोणते मूल शाळेत जात नाही, हे घरच्यांच्या संमतीने वहीत लिहा. ख्रिस्ती व इतर असा भेद करू नका. आकडा फुगवू नका. एक खोटी नोंद शंभर खऱ्या नोंदींस बुडविते. कोणाची अब्रू चव्हाट्यावर आणू नका. मग ग्रामसभेत ठराव मांडा, लेखी अर्ज द्या व पोच मागा. कागद दडविला गेल्यास 2005 चा माहितीचा अधिकार आहे.

शेवटी, जो रविवारी गीत गातो व सोमवारी शेजाऱ्याकडून जबर व्याज घेतो, असा कोणी आपल्याच मंडळीत असल्यास त्याच्यापाशी आधी जावे. आपल्या घरचा कोट पडला असता दुसऱ्याचा कसा बांधाल?

मननार्थ प्रश्न

1. नहेम्याने बोलण्यापूर्वी पाहणी का केली?
2. भूमिहीनास पाण्याचा वाटा देणे न्याय्य का?
3. आपल्या गावातील कोणत्या एका दुःखाची पाहणी ह्या महिन्यात आपली मंडळी करील?

— मलकापूर येथील एक पाळक