विम्याचं कार्ड आहे, पण लस घेतली का?



मागच्या वर्षी पाचवीच्या मुलांची लसीकरण कार्डं मागवली. कर्जतजवळच्या वाडीवरल्या एका मुलीचं कार्ड चुरगळलेलं, पण नोंदी सगळ्या पूर्ण. आशाताईंनी घरी जाऊन आठवण केली होती. खालापूर तालुक्यात कंपनीत कामाला असलेल्या एका पालकांनी मात्र विम्याचं कार्ड पाठवलं. म्हणाले, "बाई, आमचा सगळ्यांचा मेडिक्लेम आहे." आणि लस? पाच वर्षांच्या बूस्टरनंतर एकही नाही!

इथेच आपली गफलत होते. आपल्याकडचा आरोग्य विमा बहुतेक वेळा दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च देतो. नेहमीच्या लसींचा खर्च त्यात सहसा नसतो. आणि लसीची तारीख आली, हेही तो सांगत नाही.

कोणती लस?
टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प यांची लस. वय १० आणि १६ वर्षे. लहानपणीच्या डोसचा प्रभाव हळूहळू कमी होतो, म्हणून ती पुन्हा द्यावी लागते.

बाकीच्यांनी घेतली तर चालेल का?
नाही. धनुर्वात एकापासून दुसऱ्याला होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात आणि जखमेतून शरीरात जातात. आपली मुलं शेताच्या बांधावर, मैदानात अनवाणी खेळतात. ज्याने लस घेतली, तोच सुरक्षित.

मुलं सुटतात कुठे?
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला येतं. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाची आठवण पालकांनाच ठेवावी लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा सरकारी-खासगी सगळ्या शाळांत लस दिली गेली. पण अशी मोहीम दरवर्षी नसते.

काय करायचं?
जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात टीडी मोफत मिळते. विमा असो वा नसो, तिथे कुणी विचारत नाही. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या एचपीव्ही लसीबद्दलही डॉक्टरांना जरूर विचारा.

उपक्रम : आज घरी लसीकरण कार्ड शोधा. १० आणि १६ वर्षांच्या रकान्यात तारीख आहे का, ते मुलांनाच वाचायला सांगा. रकाना रिकामा दिसला, तर येत्या लसीकरणाच्या दिवशी मुलाला घेऊन जा.